एफएमएफ असलेल्या मुलांची लघवी: आजार, औषध की सवय?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

फॅमिलिअल मेडिटरेनिअन फीवर, बोलताना एफएमएफ. या मुलांचा ताप आणि पोटदुखी यावर सगळे मोकळेपणाने बोलतात, लघवीचा विषय निघाला की आवाज खाली येतो. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आजार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सोळाव्या गुणसूत्रावरच्या एमईएफव्ही जनुकातला बिघाड, १९९७ साली सापडलेला. बहुतेकदा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार उघड होतो, त्यामुळे आते-मामे नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत शक्यता वाढते. १२ तास ते ३ दिवस ताप, सोबत पोट, छाती किंवा एखादा सांधा. मग आपोआप ओसरतो आणि पुढच्या झटक्यापर्यंत मूल ठणठणीत. तुर्की, अर्मेनियन, अरब, ज्यू लोकांत जास्त, आपल्याकडे दुर्मीळ. रोजचं औषध कोल्चिसिन.

या मुलांच्या लघवीच्या तक्रारी ठरलेल्या: अचानक घाई होणं, दिवसा चड्डी ओली, उन्हाळी लागणं, शाळा सुटेपर्यंत दाबून ठेवणं, आणि वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं होणं. आई-वडील म्हणतात आजाराचंच आहे, दवाखान्यात म्हणतात इन्फेक्शन, आजी म्हणते थंडी बाधली. माझं मत: बहुतेक वेळा दोष सवयीचा आणि पोट साफ नसण्याचा, नंतर औषधाचा, आणि आजाराचा सगळ्यात कमी वेळा. पण त्या कमी वेळा चुकल्या तर किडनीवर जातं. तुम्ही तपासायला सुरुवात कुठून करता?

उंटवाडी

मोजण्यापासून. औषध, सोनोग्राफी सगळं नंतर.

४ ते १२ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता काढायचा हिशोब सोपा आहे: वयात १ मिळवा, ३० ने गुणा. आठ वर्षांच्या मुलाची २७० मिली. आता शनिवार-रविवार धरा, मापाचा प्लॅस्टिकचा जग संडासात ठेवा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: वेळ, किती मिली, घाई होती का, चड्डी ओली होती का. सकाळची पहिली लघवी लिहा, पण क्षमतेच्या हिशोबात धरू नका, ती मोठीच असते.

दिवसात ४ ते ७ वेळा हे ठीक. ३ किंवा कमी म्हणजे मूल दाबून ठेवतंय. ८ किंवा जास्त, तीही ६०-७० मिलीची, म्हणजे लघवीची पिशवी पुरती भरायच्या आधीच आवळतेय.

रात्रीसाठी डायपर. सकाळी वजन करायचं, कोरड्याचं वजा करायचं, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. त्यात सकाळची पहिली लघवी मिळवायची. बेरीज क्षमतेच्या १३० टक्क्यांच्या वर, म्हणजे आठ वर्षांच्या मुलात ३५० मिलीच्या पुढे गेली, तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय. मूत्राशयाला बोल लावू नका.

सोबत एक आठवडा शी कधी आणि कशी झाली तेही लिहा. हा कागद हातात नसेल तर पुढची सगळी चर्चा अंदाजपंचे.

चिवडा_मध्यम

रविवारी पाहुणे आले तर तो जग ताकाच्या जगाशेजारी ठेवू नका, एवढंच.

अण्णा_देवळाली

इतका जमाखर्च मांडण्यापेक्षा पाणी कमी करा की. संध्याकाळी सहानंतर घोटभर. शाळेतही बाटली अर्धीच द्या. लघवी कमी, ओलं होणं कमी.

औषधी_पुडी

अण्णा, रात्रीपुरतं तुमचं अर्धं बरोबर, दिवसाचं साफ चूक. पाणी कमी केलं की लघवी गडद होते, तिची आग होते आणि घाई वाढते. शिवाय शी घट्ट होते. कोल्चिसिनवर असलेल्या मुलाला मधूनच जुलाब होतात, त्यात पाणी कमी म्हणजे दुहेरी तोटा.

इंग्लंडमधल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराचं एकूण पेय: ४ ते ८ वर्षांना १००० ते १४०० मिली, ९ ते १३ वर्षांत मुलींना १२०० ते २१००, मुलग्यांना १४०० ते २३००. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत वरच्या आकड्याकडे झुका. यातलं बरंचसं शाळा सुटेपर्यंत पोटात जायला हवं, म्हणजे रात्रीचं आपोआप कमी होतं. मुलं उलट करतात: शाळेत बाटली तशीच परत आणतात आणि संध्याकाळी खेळून आल्यावर अर्धा लिटर एका दमात. डिसेंबर-जानेवारीत तर निफाडकडच्या थंडीत पाण्याला कोणी हातच लावत नाही.

चहा बंद. दुधात घातलेला 'नावालाच' चहाही बंद. कोलाही.

लॅबवाला_पंचवटी

धाग्याचा खरा घोळ तापात आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

एफएमएफचा झटका आणि लघवीचं इन्फेक्शन दोन्हींत ताप, दोन्हींत पोट दुखतं, दोन्हींत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढतो. त्यामुळे 'सीआरपी वाढलाय, म्हणजे इन्फेक्शन' हा निष्कर्ष इथे बाद. मग होतं असं: पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी लघवीच्या रुटीनमध्ये थोड्या पस सेल्स (पू-पेशी), लगेच अँटिबायोटिक सुरू, तिसऱ्या दिवशी ताप गायब. सगळे खूश, औषध लागू पडलं! पण झटका तिसऱ्या दिवशी ओसरणारच होता. असं तीन-चार वेळा झालं की फाइलवर 'वारंवार लघवीचं इन्फेक्शन' असा शिक्का बसतो आणि मूळ आजार आणखी दोन वर्षं मागे पडतो.

यावर उपाय एकच. तापात लघवी तपासायची असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवा. नमुना असा घ्यायचा:

जागा साध्या पाण्याने धुवून कोरडी करा. मुलीला मांड्या फाकवून बसवा, मुलाची कातडी सहज मागे जाईल तेवढीच घ्या, ओढू नका. पहिली धार सोडून द्या, मधली निर्जंतुक डबीत धरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. तासाभरात लॅबमध्ये. शक्य नसेल तर फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नको, आत. फार तर २४ तास. नाशिक रोडहून दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आलेल्या डबीत जंतू वाढलेलेच असतात, मग रिपोर्टला काय अर्थ?

मधल्या धारेच्या नमुन्यात एकाच जातीचे जंतू मिलिलिटरला १ लाखाच्या वर असतील आणि त्रासही असेल तर ते इन्फेक्शन. दोन-तीन जातींची सरमिसळ असेल तर नमुना दूषित, पुन्हा घ्या. तान्ह्या मुलांना चिकटवायच्या पिशवीतला नमुना 'काही नाही' म्हणत असेल तर विश्वास ठेवा, 'आहे' म्हणत असेल तर ठेवू नका.

पट्टीच्या तपासणीतला नायट्राइट, म्हणजे लघवीत जंतूंमुळे तयार होणारा घटक, तोही फसवतो. तो तयार व्हायला लघवी पिशवीत साधारण ४ तास राहावी लागते. दर तासाला पळणाऱ्या मुलात इन्फेक्शन असूनही नायट्राइट निगेटिव्ह येऊ शकतो.

मनुका

वरच्या प्रतिसादासाठी टाळ्या. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. झटक्याच्या वेळी प्रोटीन १+ आलं तर घाबरायचं का? एफएमएफमध्ये अमायलॉइडची (अवयवांत साचत जाणारं प्रथिन) भीती सगळ्यांनाच असते.

लॅबवाला_पंचवटी

@मनुका, त्याच दिवशी घाबरू नका आणि विसरूही नका. कुठल्याही तापात थोडं प्रोटीन उतरतं, गडद लघवीतही पट्टी १+ दाखवते. झटक्यात थोड्या लाल पेशीही दिसू शकतात. ताप ओसरून एक-दोन आठवडे गेले की सकाळची अगदी पहिली लघवी द्या आणि प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा. दोन वर्षांपुढच्या मुलात ०.२ च्या आत हवं. पहिलीच का, तर काही निरोगी मुलांत दिवसभर उभं राहिल्यानेही प्रोटीन उतरतं. रात्रभर आडवं राहिल्यावर उतरत नाही.

काही त्रास नसला तरी ही तपासणी दर ६ महिन्यांनी. अमायलॉइड किडनीत साचायला लागलं की सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही.

शाळामावशी

आता शाळा. मूल सकाळी सातला घरून निघतं, दीडला परततं, आणि मधल्या वेळात एकदाही जात नाही. कारणं विचारली तर तीन: वास येतो, कडी लागत नाही, बाई सोडत नाहीत. तिन्ही खरी असतात.

डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आणावी: 'या मुलाला दर दोन ते अडीच तासांनी लघवीला पाठवावे, मागेल तेव्हा सोडावे.' वर्गशिक्षिकांच्या हजेरीपटात ती चिकटवून ठेवायची. पहिली मधली सुट्टी आणि दुसरी मधली सुट्टी, लागलेली असो वा नसो, जायचंच. 'लागली का?' असं विचारू नका, दाबून ठेवणारं मूल 'नाही'च म्हणणार. 'वेळ झाली, चल' म्हणा.

दाबून ठेवणारं मूल ओळखायची खूण: खेळता खेळता एकदम उकिडवं बसतं आणि टाच खाली दाबून धरतं. मोठ्यांना वाटतं बुटाची लेस बांधतंय.

बसायची पद्धत पण बघा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतच नाहीत. पायाखाली पाट द्या, गुडघे लांब, कोपर मांडीवर टेकवून किंचित पुढे वाकायचं. आपला भारतीय संडास याला उत्तम, पण चड्डी गुडघ्यात अडकवून बसलं तर तिथेही मांड्या फाकत नाहीत. चड्डी घोट्यापर्यंत खाली, शक्यतो एका पायातून काढून. जोर लावायचा नाही, हळू गुणगुणायचं. झाल्यावर उभं राहायचं, तीस अंक मोजायचे, पुन्हा बसायचं.

लघवी करून आल्यावर पाच-दहा मिनिटांत चड्डीला थोडी ओल, एवढीच तक्रार असेल तर मूत्राशय बहुतेक ठीक असतं. मांड्या मिटून बसल्याने लघवी योनीमार्गात साचते आणि चालायला लागलं की ठिबकते. बसायची पद्धत सुधारली की संपलं.

चिवडा_मध्यम

तीस अंक मोजून पुन्हा बसायचं म्हणजे मधली सुट्टी संपली. डबा कधी खायचा?

शाळामावशी

डब्याआधी. नाहीतर हात न धुता पोळी.

त्र्यंबकरोड

सोनोग्राफीबद्दल एक गोष्ट वारंवार चुकते. सेंटरवर सांगतात 'भरपूर पाणी पिऊन या'. मूल एक लिटर पिऊन दीड तास बाकावर तळमळतं, पिशवी ताणली जाते, मग लघवी पूर्ण होत नाही आणि रिपोर्ट येतो: लघवीनंतर ८० मिली शिल्लक. सगळ्यांची झोप उडते. पिशवी क्षमतेच्या ११५ टक्क्यांहून जास्त भरलेली किंवा ५० टक्क्यांहून कमी भरलेली असेल तर तो आकडा धरूच नये.

नेहमीची लघवी लागेल इतपतच भरू द्यायची, घाईशिवाय लघवी करू द्यायची आणि ५ मिनिटांच्या आत उरलेली मोजायची. ७ ते १२ वर्षांत एकाच मोजणीत २० मिलीच्या वर, किंवा दोनदा मोजून दोन्ही वेळा १० च्या वर, म्हणजे पिशवी रिकामी होत नाही. ४ ते ६ वर्षांसाठी हेच आकडे ३० आणि २०.

त्याच वेळी गुदाशयाची रुंदी मोजायला सांगा. शी लागलेली नसताना ३० मिमीच्या वर असेल तर मळ तुंबलाय. फरशीवर दोन फुगे एकाच डब्यात कोंबलेत असं समजा: मागचा फुगला की पुढच्याला जागा उरत नाही.

युरोफ्लो (लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी) केला तर आलेखाचा आकार बघा. घंटेसारखा म्हणजे छान. करवतीसारखा वरखाली म्हणजे लघवी चालू असताना खालचे स्नायू मधूनमधून आवळले जातायत. अशा मुलाला गोळी नको, स्नायू सैल सोडायचं शिक्षण हवं, म्हणजे बायोफीडबॅक.

अण्णा_देवळाली

फरशीवर डब्यात फुगे? दोन उपमा एकाच पिशवीत तुंबल्यात. :)

मुद्दा मात्र पटला. पण कोल्चिसिनने तर जुलाब होतात ना? मग या मुलांना बद्धकोष्ठता कुठून येणार?

औषधी_पुडी

अण्णा, प्रश्न लाखमोलाचा. इथेच सगळ्यात महागडी चूक होते.

पोटाचा झटका येतो तेव्हा आतड्याभोवतीच्या आवरणाला सूज येते, आतडी मंदावतात, दोन-तीन दिवस शी होत नाही. नंतर झालेला खडा दुखतो, मूल पुढची शीही दाबायला शिकतं. खडा गुदाशयात बसून राहतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो. चड्डीला डाग, दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं पातळ. घरचे म्हणतात, 'गोळीने जुलाब लागले', आणि कोल्चिसिन बंद करतात. पंधरा दिवसांत झटका. झटक्यात पुन्हा बद्धकोष्ठता.

फरक असा: कोल्चिसिनचे जुलाब सहसा डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर लागतात, भरपूर आणि पाण्यासारखे असतात. तिथे डॉक्टरांना विचारून डोस दोन वेळांत विभागतात, काही दिवस दूध कमी करतात. पाझर मात्र थोडा थोडा, नकळत, चड्डीतच होतो आणि मधेच एकदा संडास तुंबेल इतकी मोठी शी होते. शंका असेल तर आधी पोट तपासून घ्या, मगच गोळीला हात लावा.

तुंबलेलं काढायला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, वजनाच्या किलोला रोज १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस. २० किलोच्या मुलाला २० ते ३० ग्रॅम. त्यानंतर किलोला ०.४ ग्रॅमच्या आसपास, निदान दोन महिने. शी मऊ झाली म्हणून आठव्या दिवशी बंद केली की पहिले पाढे पंचावन्न. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत, कारण त्याच वेळी कोल्चिसिनही चालू असतं.

लघवीची घाई आणि ओली चड्डी यांसाठी दुसरी गोळी सुरू करण्याआधी एवढं एकच करून बघा.

मनुका

औषधांचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावचा एक गैरसमज. कोल्चिसिनवर ग्रेपफ्रूट वर्ज्य असं वाचून लोक मुलांची द्राक्षं बंद करतात. नाशकात! फेब्रुवारीत! ग्रेपफ्रूट वेगळं, ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. द्राक्षं, बेदाणे, मनुका खुशाल द्या. टाळायचंच तर पपनस टाळा, ते ग्रेपफ्रूटच्या घरातलं.

चिवडा_मध्यम

आयडी बघता हितसंबंध आधीच जाहीर झालेत.

औषधी_पुडी

मनुकाताईंचं बरोबर. पण फळापेक्षा मोठा धोका औषधाच्या दुकानात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, बुरशीवरच्या केटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल या गोळ्या कोल्चिसिन शरीराबाहेर जाऊ देत नाहीत. उलट्या, पाण्यासारखे जुलाब, मग स्नायूंत अशक्तपणा, रक्तपेशी घटणं. घसा दुखतो म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर 'कोल्चिसिन चालू आहे' हे पहिलं वाक्य.

घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनबद्दल दोन गोष्टी. एक, त्याने बद्धकोष्ठता वाढते, म्हणजे वर लिहिलेलं सगळं पुन्हा. दोन, त्याने घाम कमी येतो. मे महिन्यात दुपारी क्रिकेट खेळून आलेल्या मुलाचं अंग तापलं की घरचे झटका समजतात. घाम आहे का, कातडी कोरडी आहे का ते बघा, सावलीत आणून ओल्या फडक्याने पुसा, पाणी पाजा. तासाभरात उतरला तर बहुतेक उन्हाचा.

अंथरुणासाठी डेस्मोप्रेसिन असेल तर गोळीच्या १ तास आधीपासून पुढचे ८ तास पाणी जवळजवळ बंद. ताप किंवा जुलाब सुरू झाले की त्या रात्री गोळी नाही. नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून आकडी येऊ शकते. एफएमएफमध्ये ताप येतच राहतात, म्हणून हा नियम फ्रिजवर लिहून ठेवा.

अण्णा_देवळाली

गोखरू, धने-जिऱ्याचं पाणी यावर कोणीच बोलत नाही. आणि कोल्चिसिन तर वनस्पतीतूनच येतं म्हणतात.

त्र्यंबकरोड

धने-जिऱ्याचं पाणी द्या, तेवढंच पाणी जास्त पोटात जाईल. उन्हाळी लागली असेल तर मात्र ते देऊन कल्चर टाळू नका. गोखरू मुलाला मनाने देऊ नका.

आणि हो, कोल्चिसिन वनस्पतीतूनच. पावसाळ्यात आपल्या घाटांत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती कळलावी, तिच्या कंदातही तेच असतं, आणि तो कंद जीवघेणा विषारी आहे. 'नैसर्गिक कोल्चिसिन' म्हणून कोणी उगाळून देत असेल तर घराबाहेर काढा. त्याच न्यायाने गोळ्यांची बाटलीही कुलपात. धाकट्या भावंडाने मूठभर खाल्ल्या तर पहिले काही तास काहीच दिसत नाही, म्हणून वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल.

गोदाकाठची

चर्चा छान झाली. मूळ प्रश्नाकडे येते. मी आजाराचा वाटा सगळ्यात कमी म्हटलं होतं, पण आता वाटतं मी तीन वेगळे डबे केले तिथेच चुकलं. औषधी_पुडीकाकांच्या उदाहरणात तर झटक्यातून बद्धकोष्ठता, तीतून ओली चड्डी, आणि वर दोष गोळीला. मग थेट आजाराकडेच बोट दाखवणाऱ्या खुणा कोणत्या?

लॅबवाला_पंचवटी

सहा महिने कोरडं राहिलेलं अंथरूण अचानक ओलं व्हायला लागलं, सोबत तहान वाढली, सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला टिकून राहणारा फेस. त्याच आठवड्यात प्रोटीन, साखर, क्रिएटिनिन. साखर विसरू नका, एफएमएफ असलेल्या मुलाला मधुमेह होऊ शकत नाही असं थोडंच आहे.

त्र्यंबकरोड

मुलग्यांसाठी एक भर. झटक्यात वृषणाच्या आवरणालाही सूज येऊ शकते, बहुतेकदा एकाच बाजूला. मूल 'शू करताना दुखतं' एवढंच सांगतं. वृषणाला पीळ पडला असेल तरी अगदी असंच दिसतं, आणि तिथे हाताशी ६ तास असतात. 'त्याचा नेहमीचा झटका आहे' म्हणून घरी थांबू नका. चड्डी उतरवून बघा आणि लाल, सुजलेलं दिसलं तर रात्र असो की पहाट, सर्जनकडे.

झटक्यात पोट कडक असेल तर मूल हलायला नको म्हणून लघवीही धरून ठेवतं. ८ तासांत झाली नसेल तर ओटीपोटावर कोमट फडकं ठेवा, उचलून कमोडवर बसवा. तरी होत नसेल तर दवाखाना.

शाळामावशी

@गोदाकाठची, मोजणीचा कागद इथे चिकटवाल का? पालकसभेत वाटता येईल.

गोदाकाठची

उद्या टाकते. पाच रकाने: वेळ, प्यायलं किती, लघवी किती, घाई, ओलं. शीचा रकाना मागच्या पानावर.

उंटवाडी

सोबत एक सूचना छापा. साध्या जगवर ५०-५० मिलीच्या रेघा नेलपॉलिशने मारा. मार्करच्या रेघा दुसऱ्या धुण्यात पुसल्या जातात आणि रविवारी संध्याकाळचे सगळे आकडे 'अंदाजे २००' असे येतात.